बोर्डिंगाचें देणें

आजकाल गांवोगांव माजी विद्यार्थ्यांचे मेळावे भरूं लागले आहेत. मंडप पडतो, शालनारळ होतात आणि शाळेच्या भिंतीवर ठळक अक्षरांत नांवें लागतात. अमका तहसीलदार झाला, तमका फौजदार झाला, कोणाची लेक डॉक्टरीण झाली. तीं नांवें वाचून आईबापांची छाती फुगते, व ती फुगावी हेंच योग्य आहे. ज्या घरांत तीन पिढ्या अंगठाच उठत आला त्या घरचा पोर इंग्रजींत सही करूं लागला, तर त्याचा डांगोरा कां पिटूं नये? आम्ही या यादीच्या विरुद्ध नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, यादी अर्धीच लिहिली जाते. वहींत एका बाजूस जमा व दुसऱ्या बाजूस नांवें असतें, हें शेतकरी व कारागीर बांधवांस सांगावयास नको. त्या वहीनें त्यांच्या कैक पिढ्या गिळल्या आहेत. शाळेच्या भिंतीवर नांवें पुष्कळ लागतात, पण कोणाच्या नांवें किती देणें निघतें, तें कोणी मांडीत नाहीं.

देणें कसलें, असें कोणी विचारील. ज्यांच्या बापजाद्यांस शाळेचा उंबरा कधीं अडला नाहीं त्यांच्या शाळांविषयीं आम्ही बोलत नाहीं. ज्यांना दाराबाहेर ठेविलें होतें त्यांच्यासाठीं पोटाला चिमटा घेऊन ज्या शाळा व जीं बोर्डिंगें उभीं राहिलीं, त्यांतून निघालेल्या माणसांविषयीं आम्ही बोलत आहों. ही गोष्ट आपल्याकडे जोतीराव फुल्यांपासून सुरू होते, आणि जोतीरावांनींच तिचा धागा समुद्रापलीकडे नेऊन बांधला आहे. १८७३ सालीं त्यांनीं 'गुलामगिरी' हा ग्रंथ छापला, तो अमेरिकेंतील ज्या लोकांनीं काळ्या गुलामांच्या मुक्ततेसाठीं झीज सोसली त्यांना अर्पण केला. तेव्हां त्या गुलामांच्या लेंकरांचें पुढें काय झालें, तें आधीं पाहूं.

तिकडे दक्षिणेकडील कित्येक राज्यांत गुलामास अक्षर शिकविणें हा कायद्यानें गुन्हा होता. १८६५ सालीं गुलामगिरी सुटली, पण गोऱ्यांच्या कॉलेजांचीं दारें बंदच राहिलीं. तेव्हां काळ्या लोकांसाठीं निराळीं विद्यालयें भराभर निघालीं. फिस्क १८६६ सालीं, हॉवर्ड व मोरहाऊस १८६७ सालीं, हॅम्प्टन १८६८ सालीं. बुकर वॉशिंग्टन हा गुलामींत जन्मलेला पोर १८७२ सालीं बरीचशी वाट पायीं तुडवून हॅम्प्टनला पोंचला. तेथील बाईंनीं परीक्षा म्हणून त्याच्या हातीं केरसुणी दिली व एक खोली झाडावयास सांगितली. त्यानें ती अशी झाडली कीं धुळीचा कण राहिला नाहीं, आणि त्यास शाळेंत घेतलें. खाण्याराहण्याचा खर्च त्यानें तेथल्या खोल्या झाडूनपुसून भागविला. शिकल्यावर हा मनुष्य काय करतो? १८८१ सालीं अलाबामांत टस्कगी येथें तो आपल्या लोकांसाठीं दुसरी शाळा काढतो, व तिच्या विटा विद्यार्थ्यांच्या हातांनींच थापून भाजून घेतो. वीणा गवाणकर यांच्या पुस्तकामुळें ज्याचें नांव मराठी घरांत झालें तो कार्व्हर तेथलाच. मात्र तो तेथला विद्यार्थी नव्हे, मास्तर. १८९६ सालीं तो टस्कगीला गेला, आणि कापसानें थकलेल्या जमिनींत भुईमूग कसा घ्यावा तें त्यानें गरीब कुळांस शिकविलें.

थर्गुड मार्शल याची गोष्ट तर प्रत्येक वकिलानें उशाशीं ठेवावी अशी आहे. त्याच्या राज्याच्या सरकारी लॉ कॉलेजांत काळ्यास प्रवेश नव्हता, म्हणून तो हॉवर्डला गेला व १९३३ सालीं वकील होऊन निघाला. निघाल्यावर दोनतीन वर्षांतच त्यानें आपल्या गुरूबरोबर उभें राहून त्याच सरकारी कॉलेजाविरुद्ध एका काळ्या विद्यार्थ्याचा दावा चालविला व त्यास प्रवेश मिळवून दिला. पुढें १९५४ सालीं शाळांतील गोऱ्याकाळ्यांची फारकत बेकायदेशीर ठरविणारा निकाल त्यानें मिळविला, आणि १९६७ सालीं तो त्या देशाच्या वरिष्ठ कोर्टाचा पहिला काळा न्यायाधीश झाला. मार्टिन ल्यूथर किंग मोरहाऊसचे १९४८ सालचे पदवीधर. टोनी मॉरिसन बाई हॉवर्डच्या १९५३ सालच्या. त्यांना १९९३ सालीं वाङ्मयाचें नोबेल पारितोषिक मिळालें. अशी ही यादी लांबवितां येईल. पण मार्शलचें नांव तिच्यांत शोभतें तें न्यायाधीशाच्या झग्यामुळें नव्हे. जें दार त्याच्या तोंडावर लावलें होतें तें त्यानें दुसऱ्याच्या पोरासाठीं उघडविलें, म्हणून तें शोभतें.

आतां आपल्या घराकडे वळूं. मुलींची शाळा काढण्याची स्फूर्ति आपल्याच अहिल्यानगरास, म्हणजे त्या वेळच्या अहमदनगरास, मिस फॅरार यांची शाळा पाहून झाली, असें जोतीरावांनीं स्वतः सांगितलें आहे. १८४८ सालीं पुण्यांत त्यांनीं व सावित्रीबाईंनीं मुलींची शाळा सुरू केली. त्यांच्या शाळेंतली मुक्ता साळवे ही मांगाची चौदा वर्षांची पोर. १८५५ सालीं तिनें मांगमहारांच्या दुःखाविषयीं निबंध लिहिला, व तो 'ज्ञानोदय' पत्रांत छापून आला. शिक्षण म्हणाल तर अवघें तीन वर्षांचें. तिच्या नांवापुढें पदवी नाहीं, हुद्दा नाहीं. तरी बहुजनांच्या शाळांची यादी करावयाची झाल्यास आम्ही पहिलें नांव तिचेंच लिहूं. कारण चार अक्षरें हातीं येतांच तिनें आपल्या लोकांच्या मुक्या दुःखास वाचा दिली.

शाळा गांवांत असली तरी राहावयास छप्पर व खावयास भाकर नसेल तर खेड्याच्या पोराला तिचा काय उपयोग? हें शाहू महाराजांनीं ओळखिलें. १९०१ सालीं त्यांनीं कोल्हापुरास मराठा बोर्डिंग काढलें, आणि मग जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य अशा एकेका समाजाचीं बोर्डिंगें उभीं राहिलीं. त्यांपैकीं जैन बोर्डिंगांत कांहीं काळ राहिलेला एक दांडगा विद्यार्थी म्हणजे भाऊराव पाटील. इस्लामपुरास एक महार मुलगा शाळेच्या बाहेर बसून शिकतो असें या भाऊरावांच्या दृष्टीस पडलें. त्यांनीं त्यास कोल्हापुरास नेलें व मिस क्लार्क बोर्डिंगांत घातलें. तेच ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप. पुढें त्यांनीं डॉ. आंबेडकरांच्या 'मूकनायका'चें संपादन केलें, व ते मुंबईच्या कायदेकौन्सिलांत जाऊन बसले. वर्गाबाहेर बसविलेला पोर कायदे होतात त्या सभेंत गेला! मध्यें काय होतें? एक बोर्डिंग, दोन वेळची भाकर, आणि हाताला धरून नेणारा एक माणूस.

१९१९ सालच्या दसऱ्यास भाऊरावांनीं कऱ्हाड तालुक्यांत काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि १९२४ सालीं साताऱ्यास बोर्डिंग काढलें. सर्व जातींचीं पोरें एका पंक्तीस बसलीं. तीं स्वतः स्वयंपाक करीत, शेतांत राबत, दगड फोडीत. पोरांच्या तोंडांत घांस पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने मोडले, शेवटीं मंगळसूत्रहि दिलें. १९४७ सालीं साताऱ्यास शिवाजी कॉलेज निघालें, आणि कमवावें व शिकावें हा बोर्डिंगाचा शिरस्ता कॉलेजांत गेला. टस्कगीच्या विटा व साताऱ्याचे दगड हे सख्खे भाऊ आहेत, असें आम्हांस वाटतें. या बोर्डिंगांत वाढलेले पी. जी. पाटील विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाले. मनांत आणते तर हायकोर्टांत नांव काढून बंगला बांधते. ते परत आले, संस्थेंत राबले, शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि जोतीरावांची 'गुलामगिरी' त्यांनीं इंग्रजींत नेली. ज्या ग्रंथानें बहुजनांस शाळेची वाट दाखविली तो ग्रंथ बोर्डिंगाच्या भाकरीवर वाढलेल्या पोरानें जगापुढें मांडला. याला आम्ही देणें फेडणें म्हणतों. आपल्या शेजारीं कर्जतेस १९६४ पासून रयतचें दादा पाटील महाविद्यालय आहे. तेव्हां हें झाड साताऱ्यापुरतें राहिलें नाहीं, त्याच्या पारंब्या आपल्या अंगणापर्यंत आल्या आहेत.

जामखेडची शीव ओलांडली कीं पूर्वीं निजामाचा मुलूख लागे. आपल्याच तालुक्यांतल्या खर्ड्यास १७९५ सालीं मराठ्यांनीं निजामास हरविलें, पण पलीकडल्या रयतेच्या पोरांस कॉलेज पुढें दीडशें वर्षें दुर्मीळच राहिलें. डॉ. आंबेडकरांनीं १९४५ सालीं पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली, १९४६ सालीं मुंबईस सिद्धार्थ कॉलेज काढलें, आणि १९५० सालीं औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरास, जें कॉलेज काढलें तेंच मिलिंद. याच बाबासाहेबांनीं १९४६ सालीं फिस्क विद्यालयाचे जुने विद्यार्थी ड्यू बॉइस यांस पत्र लिहून, काळ्या लोकांनीं संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या होत्या. जोतीरावांनीं बांधलेला धागा असा तुटला नव्हता. मिलिंदच्या आवारांत प्राध्यापक व विद्यार्थी यांच्या हातून 'अस्मितादर्श' हें नियतकालिक वाढलें, व ज्यांचें नांव कोणी ऐकलें नव्हतें असे लेखक त्यांतून पुढें आले. अमरावतीकडील खेड्यांतून आलेले सुखदेव थोरात मिलिंदमध्यें बी. ए. झाले, आणि २००६ ते २०११ पर्यंत विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. खुर्ची मिळाली म्हणून त्यांनीं मागचें विसरलें काय? दिल्लीच्या 'एम्स' या बड्या वैद्यकीय संस्थेंत दलित व आदिवासी विद्यार्थ्यांशीं होणाऱ्या दुजाभावाची चौकशी करून २००७ सालीं ज्या समितीनें अहवाल दिला, तिचे अध्यक्ष तेच.

हे सारे पदवीवाले झाले. पण जामखेडास एक असें विद्यालय निघालें कीं, त्याच्या विद्यार्थिनींपैकीं कित्येकींस स्वतःचें नांवहि लिहितां येत नव्हतें. १९७० सालीं डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या जोडप्यानें येथें आरोग्याचा प्रकल्प सुरू केला. शहरचे डॉक्टर खेड्यांत टिकत नाहींत हें पाहून त्यांनीं गांवांतल्याच बाया निवडल्या. त्यांत दलित होत्या, टाकलेल्या होत्या, मोलमजुरीच्या होत्या. त्यांना बाळंतपण, जुलाबावरचें साखरमिठाचें पाणी, लसी, कुष्ठरोगाची ओळख हें सारें शिकविलें. त्या आपापल्या गांवीं परत गेल्या आणि ज्या वाड्यांच्या उंबऱ्यावर त्यांना पाणी मिळत नव्हतें त्या वाड्यांतल्या लेकीसुनांचीं बाळंतपणें त्यांनीं सुखरूप केलीं. १९७५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें आपल्या पुस्तकांत जामखेडचा दाखला दिला. १९७९ सालीं आरोळे पतिपत्नींस मॅगसेसे पारितोषिक मिळालें. देशोदेशींचे डॉक्टर या बायांपाशीं बसून शिकावयास आले. यांचीं नांवें कोणत्या भिंतीवर आहेत? तरी आमच्या मतें नामवंत माजी विद्यार्थी म्हणतात ते हेच. कारण शिकलेली विद्या घेऊन त्या गांवाबाहेर गेल्या नाहींत, गांवांत परतल्या.

एवढें सारें सांगण्याचें कारण आजचें आहे. दसरादिवाळी झाली कीं बालाघाटाच्या कडेचीं आपलीं गांवें रिकामीं होतात. मुकादमाची उचल आधींच घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता. भांडींकुंडीं, शेळी, कोंबडीं व पोरें घेऊन गाडी उंसाच्या मुलखाकडे निघते. थोरल्या पोरीस धाकट्याला सांभाळावयास न्यावें लागतें. शाळेच्या पटावर नांव राहतें, हजेरींत फुली पडते. चैत्राच्या सुमारास पोर परत येतें तेव्हां पुस्तक अर्धें पुढें गेलेलें असतें. दोन वर्षें असें झालें कीं त्याचें मन शाळेंतून उठतें. मास्तरांना हें कोणी सांगावयास नको. अहिल्याबाईंचें जन्मगांव चोंडी आपल्याच तालुक्यांत, व २०२४ सालीं जिल्ह्यास त्यांचें नांवहि मिळालें. पण त्याच जिल्ह्यांत कोयत्यामागें गेलेल्या पोरीचें शिक्षण सातवींत तुटतें आणि मागून लग्नाची घाई होते. नांव दिल्यानें काम झालें असें कोणी समजूं नये.

पूर्वीं दार बंद होतें. आज दार उघडें आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक लेंकराचा शिक्षणाचा हक्क २००९ सालच्या कायद्यांत लिहिला आहे. पण उघड्या दाराशीं पोर पोंचलेंच नाहीं तर? शाहू महाराजांनीं व भाऊरावांनीं ज्या दुखण्यावर बोर्डिंगाचें औषध काढलें तेंच हें दुखणें आहे. फक्त त्याची जागा बदलली आहे. सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. जेथें आजीआजोबा, मास्तर व गांवकरी नेटानें उभे राहतात तेथें ती चालते. जेथें सगळे अनुदानाची वाट पाहत बसतात तेथें चूल पेटत नाहीं. त्यांतच २०२३ सालीं वीसांहून कमी पटाच्या शाळा जोडून समूह शाळा करण्याचा विचार सरकारनें पुढें आणला. कोयत्यानें पट उतरवावा आणि उतरलेल्या पटाचें कारण सांगून वाडीवरची शाळा उचलावी, हा न्याय गरिबास कसा परवडावा?

म्हणून आम्ही भिंतीवरच्या यादींतल्या माणसांस हात जोडून सांगतों कीं, आतां तुमची पाळी आहे. आम्ही कांहीं डोंगर उचलावयास सांगत नाहीं. एका माजी विद्यार्थ्यानें हंगामाचे पांचसहा महिने एका लेंकराच्या जेवणाचा भार उचलावा. पोर गांवांतच, आपल्या आजीजवळ किंवा शाळेंत राहील. खर्च फारसा येणार नाहीं. ज्याला पैसा जमत नाहीं त्यानें दिवाळीच्या सुटींत गांवीं येऊन चार घरीं बसावें व आईबापांस समजवावें; शिकलेल्या पोराचा शब्द मास्तरापेक्षां अधिक लागतो. आणि मेळाव्यांत एक पाटी नामवंतांची लागते तिच्याशेजारीं दुसरी पाटी लावावी: या वर्षीं किती पोरें शाळेंतून गळलीं. आंकडाच लिहावा, नांवें नकोत. गरिबाची लाज चव्हाट्यावर कां मांडावी? पण तो आंकडा शालनारळ घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असूं द्यावा.

कोणी म्हणतील, आम्ही आमच्या कर्तबगारीनें मोठे झालों, रात्र रात्र जागलों, आमचें देणें कसलें? बाबांनो, जागलांत हें खरें. पण दिव्यांत तेल कोणाचें होतें? कोणा आयाबहिणींनीं मूठ मूठ धान्य काढून ठेविलें, कोणी लक्ष्मीबाईनें मंगळसूत्र दिलें, कोणी मास्तरानें फी भरली. दुसरे म्हणतील, पहिल्यांदाच शिकलेल्या पोराच्या मानेवर आधींच घरचें ओझें. बहिणीचें लग्न, बापाचें कर्ज, भावाची फी. हें मात्र आम्ही मानतों. अशा पोरास आम्ही दोष देणार नाहीं; त्यानें आधीं घरचा वणवा विझवावा. आमचा रोख आहे तो ज्यांचीं घरें पक्कीं झालीं, गाड्या दारांत आल्या, तरी ज्यांना गांवची वाट सांपडत नाहीं त्यांच्यावर.

आणि एक कडू गोष्ट बोललीच पाहिजे. बहुजनांच्या शाळेंत शिकून कांहींजण स्वतःच शाळाकॉलेजांचे मालक झाले, व देणगीचा आंकडा सांगितल्याविना शेतकऱ्याच्या पोरास दारांत उभें करीनासे झाले. पूर्वीं जात विचारीत, आतां थैली विचारतात. भिक्षुकशाहीस शिव्या देत देत तिच्याच गादीवर जाऊन बसणें, ही सत्यशोधकांच्या वारसांस शोभणारी गोष्ट आहे काय? जोतीरावांच्या तसबिरीस हार घालतांना या मंडळींनीं क्षणभर मान खालीं घालावी.

शेवटीं आईबापांसहि दोन शब्द. उचलीवांचून तुमची चूल पेटत नाहीं हें आम्हांस ठाऊक आहे. कोयता हातांतून टाका, असें सांगण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. पण उचल घेतांना कोयते दोनच मोजा, पोराचे हात त्यांत धरूं नका. म्हातारीजवळ, चुलत्याजवळ, मामाजवळ, जेथें भाकर मिळेल तेथें त्याला ठेवा, आणि आधीं पोरीला ठेवा. ठेवावयास जागाच नसेल तर गाडी भरण्यापूर्वीं शाळेंत येऊन मास्तरांस सांगा, म्हणजे गांवानें काय करावें तें गांवास विचारतां येईल. न सांगतां निघून गेलात तर फुलीशिवाय आमच्या हातीं कांहीं राहत नाहीं.

घोलपांस वर्गाबाहेरून उचलणारा एक माणूस मिळाला. आज उंसाच्या फडांत किती घोलप बसले असतील? त्यांना उचलून आणण्याइतके हात आतां बहुजनसमाजांत आहेत, हीच गेल्या पाऊणशेंदीडशें वर्षांची कमाई. ते हात पुढें आले म्हणजे भिंतीवरची यादी पुरी झाली, असें आम्ही समजूं.